चीनमधल्या मोठ्या इमारतींचे सांधे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षासाठी नाट्यगृह आणि संग्रहालय एकत्र असलेलं सांस्कृतिक केंद्र घेतलं आहे. संदर्भ म्हणून चीनमधल्या गेल्या वीसेक वर्षांतल्या इमारती जमवल्या. फोटो हवे तेवढे मिळतात. पण या इमारती उभ्या कशा राहतात, इतक्या झपाट्याने कशा होतात आणि पुढे त्यांची काय अवस्था होते, हे कुठे सापडत नाही. अभ्यास कुठून सुरू करावा?

सांध्यांपासून करा. दोन मनोरे एकमेकांना भेटतात तो एक सांधा. सांगाड्यावर बाहेरचं आवरण टेकतं तो दुसरा. आणि एकाने काढलेलं चित्र दुसऱ्याच्या टेबलावर जातं तो तिसरा, कागदावरचा. आकार स्पर्धेच्या काही आठवड्यांत ठरतो. पुढची पाच-सहा वर्षं या तीन जागा सोडवण्यात जातात, आणि बिघाड होतो तोही बहुधा इथेच.

कागदावरचा सांधा आधी घेऊ, कारण तो फोटोत मुळीच दिसत नाही. चीनमध्ये परदेशी वास्तुविशारदाला एकट्याने इमारत बांधता येत नाही. काम तीन टप्प्यांत चालतं: संकल्पना, प्राथमिक आराखडा आणि बांधकामाचे नकाशे. शेवटच्या टप्प्यावर चिनी परवाना असलेल्या डिझाइन इन्स्टिट्यूटचाच शिक्का लागतो आणि कायदेशीर जबाबदारीही तिचीच असते. बीजिंगच्या सीसीटीव्ही, म्हणजे चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या मुख्यालयासोबत ओएमए या डच वास्तुसंस्थेचं नाव येतं, पण नकाशे शांघायच्या ईस्ट चायना डिझाइन इन्स्टिट्यूटसोबत झाले. शांघाय टॉवरमध्ये गेन्सलर या अमेरिकी वास्तुसंस्थेसोबत तोंगजी विद्यापीठाची डिझाइन संस्था होती, तर वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या लीझा सोहो मनोऱ्यात बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चरल डिझाइन. एखाद्या इमारतीचा अभ्यास करताना या दुसऱ्या संस्थेचं नाव आधी शोधा. खरे तपशील तिच्या अभियंत्यांच्या लेखांत सापडतात. प्रसिद्ध नावाच्या संकेतस्थळावर बहुधा नुसती चित्रं असतात.

वेगाचं उत्तरही इथेच आहे. चिनी बांधकाम व्यवसायात ‘सान बियेन’ असा शब्द आहे, म्हणजे तीन ‘चालू असतानाच’: जमिनीची तपासणी चालू, आराखडा चालू आणि बांधकामही चालू. सरकारी नियमांना हे मान्य नाही, तरी उद्घाटनाची तारीख आधी ठरलेल्या प्रकल्पांत ते होत आलं आहे. पाया खणला जात असताना वरच्या मजल्यांचे नकाशे अजून बदलत असतात. याचा फटका नेमका कुठे बसतो, हे त्यानजिनच्या बिन्हाय वाचनालयात उघड दिसतं. एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुसंस्थेने त्यानजिनच्या नगररचना व डिझाइन संस्थेसोबत केलेली ही इमारत २०१७ मध्ये उघडली. पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंत तीन वर्षं लागली. मध्यभागी गोल प्रेक्षागृह आणि भोवती छतापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली पुस्तकांची कपाटं, हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. मूळ कल्पनेत वरच्या कपाटांपर्यंत मागच्या खोल्यांतून जाता येणार होतं. घाईत ती मागची वाट वगळली गेली, आणि हा बदल आपल्या इच्छेविरुद्ध स्थानिक पातळीवर झाला असं एमव्हीआरडीव्हीने जाहीरपणे सांगितलं. परिणामी वरच्या कपाटांत पुस्तकांची चित्रं छापलेले छिद्रांचे ॲल्युमिनियमचे पत्रे आहेत.

तुमच्या प्रकल्पासाठी यातला धडा अगदी व्यावहारिक आहे. ज्या भागावर सगळी कल्पना उभी आहे, तो भाग सेवा-मार्गिकेवर अवलंबून असेल तर ती मार्गिका मुख्य सांगाड्यातच बसवा. ती नंतर उभारायच्या पार्टिशनच्या भिंतींवर सोडली, तर वेळ कमी पडल्यावर सगळ्यात आधी तीच कापली जाते.

आता सांगाडा. चीनमध्ये भूकंपाची तीव्रता अंशांत मोजतात. बीजिंग ८ अंशांच्या क्षेत्रात येतं, म्हणजे आराखड्यासाठी जमिनीचं त्वरण ०.२ जी धरतात (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). शांघाय आणि ग्वांगझो ७ अंशांत, ०.१ जी. तपासणी तीन पातळ्यांवर होते: लहान धक्क्यात नुकसान नको, मधल्या धक्क्यात दुरुस्ती करता यावी, मोठ्या धक्क्यात इमारत कोसळू नये. मधला धक्का म्हणजे ५० वर्षांत येण्याची शक्यता १० टक्के असलेला. उंची, असमतोल किंवा लोंबता भाग नियमांच्या चौकटीबाहेर गेला, की तज्ज्ञांच्या समितीपुढे खास भूकंप-परीक्षण द्यावं लागतं. लँडमार्क म्हणून ओळखली जाणारी जवळजवळ प्रत्येक इमारत या चौकटीबाहेरच असते. अनेकदा समिती मोठ्या प्रतिकृतीची भूकंपासारख्या हलत्या टेबलावर चाचणी मागते. सीसीटीव्हीची १:३५ प्रमाणातली सुमारे ७ मीटर उंच प्रतिकृती बीजिंगमध्ये अशीच हलवून पाहिली गेली. इतक्या लहान प्रमाणात पोलादाचे भाग नीट उतरत नाहीत, म्हणून त्यात तांबं वापरलं होतं.

सीसीटीव्हीवर थोडं जास्त थांबतो, कारण ‘सांधा’ म्हणजे काय हे शिकायला याहून चांगली इमारत मला माहीत नाही. उंची २३४ मीटर. दोन मनोरे, दोन्ही बाजूंना ६ अंशांनी कललेले. त्यांची डोकी जोडणारा काटकोनी भाग जमिनीपासून सुमारे १६० मीटरवर पुढे येतो: एका मनोऱ्यातून ७५ मीटर आणि दुसऱ्यातून ६७. बाहेरून दिसणारी तिरक्या पट्ट्यांची जाळी नक्षीसाठी नाही. तीच मुख्य रचना आहे: सगळ्या इमारतीभोवती गुंडाळलेली एक सलग नळी. जिथे बल जास्त तिथे जाळी दाट केली, जिथे कमी तिथे पट्ट्या काढून टाकल्या. म्हणून दर्शनी भागावर जाळी अनियमित दिसते. बलांचा नकाशाच तिथे कोरलेला आहे, असं समजून ती वाचा.

आतले लिफ्टचे गाभे आणि कॉलम मात्र उभेच आहेत. मनोरा कलता आणि कॉलम ओळंब्यात, म्हणजे वर जाताना मजल्याची कड कॉलमच्या पलीकडे सरकत जाते. मग काही ठिकाणी कॉलम थांबवून त्याचा भार ट्रसवरून, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या तुळईवरून, दुसऱ्या कॉलमवर न्यावा लागतो. कलती इमारत महाग पडते ती मुख्यतः याच हस्तांतरणामुळे. पायाही इमारतीच्या ठशाएवढाच नाही. मनोरा ज्या बाजूला कलतो त्या बाजूला पाइलवरचा राफ्ट, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवरचा काँक्रीटचा जाड थर, पुढे वाढवला आहे, म्हणजे वजनाचा मध्य राफ्टच्या मध्याजवळ येतो. काही जागी त्याची जाडी ७ मीटरहून जास्त आहे.

दोन मनोऱ्यांतून दोन बाहू एकेक तुकडा जोडत पुढे नेले आणि डिसेंबर २००७ मध्ये ते भेटले. अडचण अशी की दोन्ही टोकं दिवसभर हलत असतात. सूर्य एका मनोऱ्याची एक बाजू तापवतो, तेव्हा दुसऱ्या मनोऱ्याची तीच बाजू सावलीत असते. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. १६० मीटर उंचीत १० अंशांचा फरक पडला तर हिशेब सुमारे १९ मिमीवर जातो. वेल्डिंगला तास लागतात; तेवढ्या वेळात टोकं सरकली तर अर्धवट वेल्ड फाटते. उपाय असा केला: पहाटे, दोन्ही मनोऱ्यांचं तापमान जवळपास सारखं असताना, आतल्या कोपऱ्याजवळचे सात जोड एकाच वेळी पिना घालून अडकवले. पिना बसायला मिनिटं पुरतात. त्यानंतर तापमानाने येणारी ओढ पिनांनी घेतली आणि वेल्डिंग निवांतपणे पूर्ण झालं.

यामागे आणखी एक युक्ती आहे. मनोरे आणि तळभाग जिथे मिळतात तिथले काही कोपऱ्यातले कॉलम आणि तिरके पट्टे मुद्दाम उशिरा बसवले. आधी बसवले असते तर बांधकामाच्या वजनाचा मोठा वाटा त्यांनीच खाल्ला असता आणि भूकंपासाठी त्यांच्यात ताकद उरली नसती. बांधण्याचा क्रम बदलला की बलांचं वाटप बदलतं. विद्यार्थी संगणकात इमारत एका क्षणात उभी करतात, प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्याने वजन घेते. ही बाब जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्पात सुटते.

पक्ष्याचं घरटं म्हणून ओळखलं जाणारं बीजिंगचं राष्ट्रीय स्टेडियम याच्या अगदी उलट आहे. स्विस वास्तुविशारद हर्झोग आणि द म्यूरॉन यांचा मूळ आराखडा सरकतं छप्पर गृहीत धरून होता. त्याच्या जाड समांतर तुळया लपवण्यासाठी बाकीचे पोलादी भाग वेडेवाकडे विणले. २००४ मध्ये खर्च आणि सुरक्षेसाठी सरकतं छप्पर रद्द झालं, छपरातलं भोक मोठं केलं, पोलाद कमी झालं. ज्याच्यासाठी विणकाम होतं तेच गेलं, विणकाम राहिलं. तरी उरलेलं पोलाद सुमारे ४२,००० टन आहे. काही जागी क्यू ४६० या जास्त ताकदीच्या पोलादाचे ११० मिमी जाड पत्रे लागले. असा पत्रा आधी तापवल्याशिवाय वेल्ड करता येत नाही, कारण थंड जाड धातू उष्णता झटकन ओढून घेतो, वेल्ड ठिसूळ होते आणि हायड्रोजनमुळे काही तासांनी आतून तडकते. छप्पर आधी ७८ तात्पुरत्या टेकूंवर उभं होतं. टेकू २००६ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरवले. एखादा टेकू एकदम काढला तर त्याचा भार शेजारच्यावर जातो, म्हणून सगळे थोडे-थोडे, ठरलेल्या क्रमाने खाली घ्यावे लागतात.

उंच इमारतींपैकी शांघाय टॉवरचा एवढाच मुद्दा घेतो: ६३२ मीटरच्या मनोऱ्याला १२० अंशांचा पीळ आणि एक उभी खाच दिल्याने वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्के घटला. इथे पीळ काम करतो. त्याचा राफ्ट १२१ मीटर व्यासाचा आणि ६ मीटर जाड आहे. सुमारे ६१,००० घनमीटर काँक्रीट साठेक तास सलग ओतलं. इतक्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंटची उष्णता आत कोंडते. गाभा आणि पृष्ठभाग यांच्यात २५ अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, असा चिनी नियम आहे. म्हणून वरून पाणी मारून थंड करणं चूक. उलट ते पांघरूण घालून ऊबदार ठेवतात. आपल्याकडच्या साइटवर ही चूक मी वारंवार होताना पाहतो.

आता आवरण. तक्रारी जिथून येतात ती जागा हीच.

वळणदार पृष्ठभागाचे तुकडे करताना तीन प्रकार पडतात: सपाट, एका दिशेने वाकलेले आणि दोन दिशांनी वाकलेले. तिसरा प्रकार साच्याशिवाय होत नाही, आणि दर तुकडा वेगळा असेल तर दर तुकड्याला वेगळा साचा. चांगला संघ महिनोन्महिने यावरच बसतो की दोन दिशांचे किती तुकडे एका दिशेचे करता येतील आणि एका दिशेचे किती सपाट. शांघाय टॉवरच्या बाहेरच्या काचेचे वीस हजारांहून अधिक तुकडे आहेत. गुळगुळीत पीळ देण्याऐवजी प्रत्येक मजल्याची काच थोडी सरकवून बसवली, मध्ये आडवी कड ठेवली, त्यामुळे सपाट काच चालली. बीजिंगचं फिनिक्स माध्यम केंद्र शाओ वेपिंग यांच्या संघाने केलं. त्यात परदेशी नाव नाही. तिथेही सपाट काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढवल्या आहेत, आणि पावसाचं पाणी बाहेरच्या वळणदार फासळ्यांवरून वाहत खाली साठवणीकडे जातं. वेगळे पाइप नाहीत. पाण्याची वाट आणि रचनेची वाट एक केलेली अशी उदाहरणं थोडी आहेत. या इमारतीचा छेद, म्हणजे उभी कापून दाखवलेलं चित्र, बसून काढा.

याउलट ग्वांगझो ऑपेरा हाउस. झाहा हदीद, २०१०, मुख्य प्रेक्षागृह सुमारे १,८०० आसनांचं. आतली सोनेरी गुहा आणि तिचा ध्वनी दोन्ही उत्तम. ध्वनीचं काम मार्शल डे या ध्वनितज्ज्ञ संस्थेचं. बाहेर मात्र ग्रॅनाइटच्या त्रिकोणी फरशा उताराच्या, उलट्या झुकलेल्या, प्रत्येक दिशेच्या पृष्ठभागांवर लावल्या. वर्षभरातच भेगा, गळती आणि निखळलेल्या तुकड्यांच्या बातम्या आल्या. कारणं समजायला सोपी आहेत. त्रिकोणाच्या टोकाशी सहा फरशा एकत्र येतात. प्रत्येक फरशीत एक-दोन मिलिमीटरची चूक चालते असं धरलं, तरी सहा चुका एका बिंदूवर जमतात. फट कुठे ३ मिमी, कुठे १५. फट भरणाऱ्या लवचीक सीलंटला ठरावीक रुंदी-खोलीचं प्रमाण लागतं, साधारण दोनास एक. अरुंद फटीत ते ताणलं की फाटतं, रुंद फटीत ओघळतं. त्यात ग्वांगझोचा पाऊस. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आडवा पाऊस उभ्या भिंतीतून वर चढतो.

म्हणून नियम असा धरा: बाहेरचा थर पाणी अडवेल यावर विसंबू नका. बाहेरचा थर ऊन आणि पावसाचा जोर घेणारा असू द्या, त्याच्या फटी उघड्या ठेवा, मागे हवेची पोकळी, आणि त्यामागे खरा जलरोधक थर त्याच्या स्वतःच्या पन्हळीसह. चीनमधल्या पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या बहुतेक वळणदार छपरांत खाली उभ्या घडीच्या पत्र्यांचं (शेजारच्या पत्र्यांच्या कडा वर उचलून एकत्र दुमडलेलं) छप्पर असतं आणि वर शोभेचे पत्रे त्या घडीला क्लॅम्पने धरलेले असतात, म्हणजे खालच्या पत्र्याला भोक पडत नाही. पण या पद्धतीचा कमजोर बिंदू घडी हाच आहे. वारा छपराच्या कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जोरात वर खेचतो. एका जागी घडी उघडली की चेन उघडावी तसं पुढचं सगळं उघडतं. बीजिंग विमानतळाच्या टर्मिनल तीनचं छप्पर डिसेंबर २०१० मध्ये वाऱ्याने असंच उचकटलं. छपराच्या मध्यावर चाचणी घेऊन काही कळत नाही. कडेच्या पट्ट्यात पत्रे धरून ठेवणाऱ्या क्लिपांतलं अंतर निम्म्यावर आणावं लागतं, आणि चाचणी त्याच पट्ट्याच्या नमुन्यावर घ्यावी लागते.

तापमानाचा हिशेब हार्बिन ऑपेरा हाउसच्या निमित्ताने करून पाहा. एमएडी या चिनी वास्तुसंस्थेचे मा यानसोंग, २०१५, मोठं प्रेक्षागृह १,६०० आसनांचं, लहान ४००चं, सोंगहुआ नदीच्या पाणथळीत. हिवाळ्यात तिथे पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. उन्हाळ्यात उन्हातला पत्रा ६० अंशांपर्यंत तापतो असं धरा. फरक ९० अंश. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२४ मिमी वाढतं, म्हणजे ३ मीटरच्या पत्र्यात साडेसहा मिलिमीटर. खालचं पोलाद त्याच्या निम्म्याने वाढतं, आणि ते आत असल्याने त्याचं तापमानही तितकं बदलत नाही. हा फरक कुठेतरी जिरला पाहिजे. एका टोकाला पक्का स्क्रू, दुसऱ्या टोकाला लांबट भोक. फॅब्रिकेटर घाईत दोन्ही टोकं आवळून टाकतो, आणि दोन हिवाळ्यांनी पत्रा पोट काढतो किंवा स्क्रू तुटतो. नकाशावर ‘पक्कं’ आणि ‘सरकतं’ अशा दोन वेगळ्या खुणा प्रत्येक टोकाला द्या. शब्दांत लिहिलेली सूचना साइटवर कोणी वाचत नाही.

आग. ९ फेब्रुवारी २००९, कंदिलांच्या सणाची रात्र. सीसीटीव्हीच्या शेजारची १५९ मीटर उंच हॉटेल-इमारत, टीव्हीसीसी, अजून पूर्ण व्हायची होती. छतावर फटाके पडले आणि बाहेरचं आवरण वरून खाली पेटत गेलं. एका अग्निशमन जवानाचा जीव गेला. आग आतल्या सामानाने पसरली नाही. जस्त मिश्रधातूच्या पत्र्यामागच्या फोमने आणि पोकळीने ती नेली. वरचा पत्रा जळत नाही म्हणून आवरण सुरक्षित, हा समज त्या रात्री खोटा ठरला. त्याच वर्षी बाहेरच्या उष्णतारोधक थरांवर चीनमध्ये नवे निर्बंध आले, आणि पुढे २०१४च्या अग्निसंहितेने गर्दीच्या सार्वजनिक इमारतींच्या बाहेरच्या भिंतीला ‘ए’ वर्गाचाच, म्हणजे न जळणारा थर सक्तीचा केला. तुमचं नाट्यगृह याच वर्गात मोडतं. रॉकवुल, म्हणजे दगडी तंतूंचा न जळणारा थर, लावा, आणि दर मजल्याला पोकळी आडव्या अग्निरोधक पट्टीने बंद करा. अंतर्वक्र पृष्ठभागात ही पट्टी बसवणं कठीण असतं, म्हणून ती वगळली जाते. छेदात ती आधी काढा, मग वक्र ठरवा.

काचेबद्दल थोडक्यात. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिला तर ती बसवल्यावर वर्षांनीही आपोआप फुटते. उपाय म्हणजे कारखान्यातच २६० ते २९० अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवून खराब काचा तिथेच फोडून घेणं. डोक्यावरची काच मात्र नेहमी लॅमिनेटेडच (फुटली तरी तुकडे धरून ठेवणारा थर मध्ये असलेली) हवी, भट्टीतून गेलेली असली तरी.

व्यापारी मनोऱ्यांत दोन उदाहरणं पाहण्याजोगी. बीजिंगचं लीझा सोहो, २०१९: प्लॉटखालून तिरका मेट्रो बोगदा जातो, म्हणून इमारत मधोमध चिरली आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये १९० मीटरहून उंच ॲट्रियम, म्हणजे आतलं मोकळं दालन, आलं. दोन्ही अर्धे चार पातळ्यांवर जोडले आहेत. अडचणीतून आकार निघाला की तो पटतो. दुसरं चोंगचिंगचं रॅफल्स सिटी, मोशे साफ्दी यांचं: चार मनोऱ्यांच्या डोक्यावर, २५० मीटरवर, ३०० मीटर लांब आडवी इमारत. चार मनोरे भूकंपात चार तऱ्हेने हलतात. वरचा भाग पक्का जोडला असता तर त्याने ते एकमेकांवर ओढले असते. म्हणून तो घर्षण-लंबकाच्या बेअरिंगांवर, म्हणजे वाडग्यासारख्या पृष्ठभागावर सरकणाऱ्या टेकूंवर, ठेवला आणि सोबत हालचाल शमवणारे डँपर दिले. सीसीटीव्हीत दोन मनोरे घट्ट जोडून एक केले, इथे सैल ठेवून वेगळे. दोन्ही बरोबर आहेत. अर्धवट घट्ट असलेला जोड तेवढा चूक.

शेन्झेनचा सेग प्लाझा मनोरा लँडमार्क म्हणून फार कोणी शिकवत नाही, पण १८ मे २०२१ रोजी तो विशेष वारा नसताना हलू लागला आणि माणसं धावत बाहेर पडली. चौकशीत कारण सापडलं छतावरच्या उंच दांड्यात: वाऱ्याच्या भोवऱ्यांचा ताल दांड्याच्या तालाशी जुळला, आणि वीस वर्षांत बदललेल्या इमारतीच्या स्वतःच्या तालाशीही. दांडा काढला, इमारत पुन्हा सुरू झाली. उंची वाढवायला लावलेली शोभेची काडीसुद्धा रचनेचा भाग असते.

हे सगळं झालं मोठ्या वक्रांचं. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाला यापेक्षा जवळचं काम निंगबोत आहे. वांग शू आणि लू वेन्यू यांचं निंगबो संग्रहालय, २००८, सुमारे ३०,००० चौरस मीटर, २४ मीटर उंच. परिसरातली गावं पाडली गेली, त्यांच्या विटा आणि कौलं या भिंतींत आहेत. पद्धतीचं नाव ‘वापान’: वादळात पडलेल्या घरांचे तुकडे थरांत रचून भिंत घालण्याची तिथल्या गवंड्यांची जुनी रीत. ती गावातल्या बुटक्या भिंतींसाठी होती. २४ मीटरवर नेताना मागे काँक्रीटची भिंत घालावी लागली, आणि वजन ठरावीक उंचीवर पुन्हा त्या भिंतीवर द्यावं लागलं. नाहीतर खालचे थर वरच्या वजनाने फुगून बाहेर येतात. वीसहून जास्त प्रकारच्या विटा आहेत, दर प्रकाराची जाडी वेगळी, म्हणून नकाशात दर थर काढणं शक्यच नव्हतं. नमुन्याच्या भिंती बांधून, पाडून, पुन्हा बांधून गवंड्यांचा हात ठरवला. शेजारच्या काँक्रीटला बांबूचं शटरिंग आहे. बांबू ओल्या काँक्रीटच्या दाबाने थोडा वाकतो, त्यामुळे पृष्ठभाग कुठेच अगदी सरळ नाही. सांधा लपवण्याची गरजच इथे उरत नाही. वांग शू यांना २०१२ मध्ये प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं.

चेंगदूचे लिउ जियाकुन यांना तेच २०२५ मध्ये मिळालं. २००८च्या वेनचुआन भूकंपानंतर त्यांनी ढिगाऱ्याचा चुरा, गव्हाचं काड आणि सिमेंट यांची वीट बनवली, साध्या स्थानिक यंत्रांवर. पुढे तीच वीट त्यांच्या शहरातल्या इमारतींत आली. शांघायचं लाँग म्युझियम वेस्ट बंड, अतेलिए देशाउस या चिनी वास्तुसंस्थेचं, २०१४, हेही पाहा. जागा जुन्या कोळशाच्या धक्क्याची. तळघरातली पार्किंग आधीच बांधून झालेली होती आणि कॉलमांचं अंतर ठरलेलं. त्यावर काँक्रीटच्या भिंती वर जाऊन छत्रीसारख्या वळतात. भिंत पोकळ ठेवली आणि यंत्रणांच्या वाहिन्या त्या पोकळीत गेल्या, म्हणून आत फॉल्स सीलिंग नाही. कोळसा उतरवायचा जुना पूल तसाच उभा ठेवला आहे. संग्रहालयासाठी मला हा छेद चीनमधला सर्वांत शहाणा वाटतो.

धोरणही या दिशेने वळलं आहे. २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी विचित्र इमारतींना जाहीर विरोध केला. २०१६च्या मार्गदर्शनात उपयुक्त, काटकसरी, हरित आणि सुंदर अशी चार विशेषणं आली. २०२० मध्ये दुसऱ्या इमारतींची नकल करण्यावर बंदी आणि उंचीला ५०० मीटरची मर्यादा. २०२१ मध्ये ३० लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत १५० मीटरच्या वर कडक नियंत्रण. गेल्या काही वर्षांत जुन्या धक्क्यांवर, टाक्यांत, गिरण्यांत होणारी सांस्कृतिक कामं वाढलेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमच्या टेबलावर काय हवं. आवरणाचा १:५ छेद चार जागी: जमिनीशी, छपराच्या कडेला, आतल्या कोपऱ्यात, आणि काच व पत्रा मिळतात तिथे. प्रत्येक छेदात चार रेषा वेगळ्या रंगात: पाणी कुठून जातं, उष्णता कुठे अडते, आग कुठे थांबते, तुकडा कुठे सरकतो. एखादी रेषा मध्येच तुटली तर तिथे गळेल, ओल येईल, पेटेल किंवा फुगेल. पॅनेलची मोजणी द्या: एकूण किती, त्यांतले सपाट किती, वेगळे साचे किती. पूर्ण आकाराचा नमुना किमान दोन मजले उंच आणि एका कोपऱ्यासह धरा; सपाट मध्यभागाचा नमुना नेहमीच पास होतो. आणि साफसफाई: माणूस दोरीवर कुठे लटकेल, दोर कुठे बांधेल, उलट्या झुकलेल्या भागापर्यंत हात कसा पोचेल.

शेवटची गोष्ट इमारत मालकाच्या ताब्यात देतानाच्या कागदांची. ज्या इमारतीत प्रत्येक पॅनेल वेगळं, तिथे दहा वर्षांनी एक फुटलं तर दुकानात तसं मिळत नाही. प्रत्येकाचा क्रमांक त्याच्या मागे कोरलेला हवा, त्याची त्रिमिती फाइल मालकाकडे हवी, ठेकेदाराच्या संगणकावर नको. आणि ज्या वक्रांना साचे लागले, त्यांची दोन-तीन टक्के जादा पॅनेलं तळघरात, त्याच लॉटच्या रंगाची. पुढच्या लॉटचा पांढरा कधीच जुळत नाही.